शनिवारचा बँड

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून दिलं आहे. मधे माइक बंद पडला तेवढा भाग गाळला आहे.)

आदरणीय सर, आदरणीय बाई, आणि आजही एका बाकावर तिघं तिघं बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "वीस मिनिटं बोल. विषय कुठलाही घे, फक्त राजकारण आणि गुडघेदुखी नको." दोन्ही वगळल्यावर आमच्या वयाच्या माणसाकडे बोलायला फारसं काही उरत नाही. मग आठवलं, आपण बँडमध्ये होतो. मी बिगूल वाजवायचो. 'वाजवायचो' हा शब्द जपून वापरतो, कारण ज्यांनी तो ऐकलाय ते बरेचजण समोर बसलेत.

तर बँडबद्दल बोलतो. पण आपल्या नाही, आधी दुसऱ्याच एका बँडबद्दल. आपल्याकडे शेवटी येईन.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहिलो. मुलगी आणि जावई आठवडाभर कामात, त्यामुळे फिरणं व्हायचं ते रविवारी. एका रविवारी त्यांनी मला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये नेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आता मॉलवर जाऊ." मी म्हटलं, बाई गं, मॉल बघायला इतक्या लांब कशाला? आपल्या परळच्या गिरणीच्या जागेवर उभा आहे की! पण तिथला 'मॉल' म्हणजे दुकानं नव्हेत. एक सरळ, रुंद पायवाट, सुमारे चारशे मीटर लांबीची, दोन्ही बाजूंनी एल्मच्या उंच झाडांच्या रांगा, वर फांद्यांची कमान. तिच्या टोकाला दगडी, अर्ध्या घुमटाचा एक रंगमंच. त्याच्यासमोर एक म्हातारा गृहस्थ एकटाच सॅक्सोफोन वाजवत बसला होता. ऐकणारे चारपाच. त्यात मी.

चौकशी केली तेव्हा कळलं, हा रंगमंच १९२३ सालचा. एल्कन नॉमबर्ग नावाच्या संगीतवेड्या बँकरनं दिलेला. पण त्याच्या आधी तिथे दुसरा बँडस्टँड होता आणि त्याच्याही आधी बँड नुसताच झाडांत उभा राहून वाजत होता. मी रेल्वेच्या हिशेब खात्यातला माणूस. एक आकडा दिसला की मागचा काढल्याशिवाय झोप येत नाही. मुलीच्या गावातल्या वाचनालयात जाऊन बसायला लागलो. तिथे जे वाचलं ते आज सांगतो.

बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर राणीचा बाग येतो. ही बाग चार किलोमीटर लांब आणि आठशे मीटर रुंद. म्हणजे दादर स्टेशनावरून निघालात की चिंचपोकळी येईपर्यंत बागच. १८५० च्या दशकात शहराच्या वेशीबाहेर ही जमीन घेतली. १८५८ साली आराखड्यांची स्पर्धा झाली आणि फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या जोडीचा आराखडा निवडला गेला. जमीन मोकळी होती असं समजू नका. तिथे सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, त्यांतल्या अनेकांची स्वतःच्या मालकीची घरं, तीन चर्च आणि एक शाळा. १८५७ पर्यंत सगळं उठवलं. त्या शाळेचा स्नेहमेळावा कधी भरला नसणार, एवढंच माझ्या मनात आलं.

बाग अर्धीमुर्धी झालेली असतानाच, १८५९ च्या जुलैत, पहिला बँड वाजला. जागा होती रॅम्बल, म्हणजे मुद्दाम रानासारखा ठेवलेला, वळणावळणांच्या पायवाटांचा भाग. बँडमास्तर हार्वे डॉडवर्थ. हे डॉडवर्थ कुटुंब इंग्लंडहून आलेलं, आणि त्या काळी न्यूयॉर्कमध्ये बँड म्हणजे डॉडवर्थ असंच समीकरण होतं. कार्यक्रमाला तिकीट नव्हतं. खर्च सुरुवातीला शहरातल्या पैसेवाल्या मंडळींनी वर्गणी काढून केला. पुढे जागा मॉलवर आली आणि १८६२ साली तिथे ओतीव लोखंडाचा बँडस्टँड उभा राहिला.

तो बँडस्टँड ज्यानं आखला त्या जेकब रे मोल्डबद्दल दोन वाक्यं बोलल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस वास्तुविशारद, पण स्वतः ऑर्गन वाजवणारा आणि ऑपेराच्या संहितांची इंग्रजीत भाषांतरं करणारा. त्याचा बँडस्टँड म्हणजे रंग, सोनेरी मुलामा, नक्षी. जुन्या चित्रांत बघितला तर ताबूत किंवा मखर आठवावं असा. आपल्याकडे गणपतीला अशी कारागिरी करणारी माणसं होती, तुम्हाला आठवतील.

आता बिगूलवाला म्हणून मला पडलेला प्रश्न. तेव्हा माइक नव्हता, लाउडस्पीकर नव्हता. उघड्यावर, झाडांखाली, हजारो माणसांना ऐकू कसं जात असेल? बंद सभागृहात भिंती आवाज परत पाठवतात. मैदानात सूर सुटला की गेलाच. म्हणून बँडस्टँडला छत, म्हणजे आवाज वर उडून न जाता बाजूला पसरतो. म्हणून व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट, आणि बाकी सगळी पितळी वाद्यं. बँडमास्तरचं अर्धं काम वाजवण्याआधीचं. ऑपेरातली चीज घ्यायची आणि तंतुवाद्यांचा भाग फुंकून वाजणाऱ्या वाद्यांना वाटून द्यायचा. डॉडवर्थ घराण्यातल्या ॲलन डॉडवर्थचा तर असा दावा होता की खांद्यावरून मागे तोंड असलेली पितळी वाद्यं त्यानंच काढली. मागे तोंड का? कारण पलटणीत बँड पुढे चालतो आणि शिपाई मागून येतात. आवाज हवा त्यांना, समोरच्या रस्त्याला नाही. हे वाचलं तेव्हा मला आपली प्रभातफेरी आठवली. आपला सगळा आवाज पुढे, आणि मागच्या सातवी 'ब' ला काहीच ऐकू न आल्यामुळे त्यांची पावलं कायम चुकलेली. बाई त्यांना उगाच ओरडायच्या. दोष वाद्यांचा होता, बाई.

एक गोष्ट लक्षात घ्या. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. त्याआधी संगीत साठवून ठेवता येत नव्हतं. समोर कुणीतरी वाजवलं तरच ऐकू येणार, नाहीतर नाही. ऑपेरा ऐकायचा तर चौदाव्या रस्त्यावरच्या अकॅडमी ऑफ म्युझिकचं तिकीट काढा. ते परवडत नसेल तर बागेत या. आपल्या लग्नातल्या बँडवाल्यांनी जसं काम केलं, सिनेमाचं तिकीट न काढणाऱ्यालाही गाणं पाठ करून दिलं, तसंच काहीसं. बागेतला बँड म्हणजे मार्च, वॉल्ट्झ, ऑपेरातल्या सुरावटी असा सगळा फराळ, एकाच ताटात आणि फुकट.

बसण्याची व्यवस्था कशी होती तीही ऐका. पायी येणारे मॉलवर, झाडांखाली. ज्यांच्याकडे घोडागाड्या त्यांच्यासाठी पूर्वेला थोड्या उंचीवर वेगळी जागा. गाडीतून न उतरता संगीत ऐकायचं, आणि आपण ऐकतोय हे लोकांना दिसेल असं ऐकायचं. काहीजण तळ्यात होडी घेऊन लांबून येणारा आवाज ऐकत. गवतावर पाय ठेवायचा नाही. पोरांनी चेंडू खेळायचा नाही. नंतर खेळायला परवानगी मिळाली ती फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना, तीही शिक्षकांनी सद्वर्तनाचा दाखला दिला तर. सर, हा नियम आपल्या मैदानाला लावला असता तर क्रिकेटला अकरा जण जमले नसते.

हे सगळं मी मजेत वाचत होतो. मग एका पानावर एक बारीकशी गोष्ट दिसली आणि तिथे थांबलो. बँडचा दिवस होता शनिवार. वेळ दुपारची.

सहज वाचलं तर काहीच नाही. शनिवार दुपार, छान वेळ. पण १८६० च्या न्यूयॉर्कमध्ये शनिवारी दुपारी मोकळं कोण होतं? कारखान्यात, गोदीत, शिवणाच्या खोलीत काम करणारा माणूस आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला दहा तास आणि त्याहूनही जास्त राबायचा. त्याचा शनिवार म्हणजे कामाचा दिवस. त्यातून तो राहायचा शहराच्या खालच्या टोकाला. तिथून बाग पाचसहा किलोमीटर वर. घोड्यांनी ओढलेल्या ट्रामचं भाडं, तेही बायको-मुलांसकट, जायचं आणि यायचं. म्हणजे ज्या बँडला तिकीट नव्हतं, त्याला दोन तिकिटं होती. एक ट्रामचं, आणि दुसरं बुडालेल्या अर्ध्या दिवसाचं.

मग रविवारी का वाजवत नव्हते? रविवारी तर सुट्टी होती. उत्तर असं की रविवार देवाचा. प्रॉटेस्टंट धर्मनिष्ठांचं म्हणणं, त्या दिवशी प्रार्थना करा, घरी शांत बसा. बँड वाजला तर पावित्र्य जातं. शहरात जर्मन लोक लाखांनी आलेले. त्यांच्या रीतीत रविवार म्हणजे सकाळी चर्च आणि दुपारी सहकुटुंब बागेत संगीत आणि बिअर, त्यात पाप कसलं? ते आपले जोन्स वुड नावाच्या, पूर्वेच्या नदीकाठच्या खासगी उपवनात जायचे. तिथे बँड होता, नाच होता, बिअर होती. सार्वजनिक बाग रविवारी उघडी असायची, गर्दीही व्हायची, पण बँडस्टँड रिकामा. वाजवणारे शहरात, ऐकणारे बागेत, आणि मधे पंचवीस वर्षं नियमाचं कुंपण.

पंचवीस वर्षं मी हिशेबानं म्हणतो. १८५९ ला पहिला बँड वाजला, आणि सेंट्रल पार्कमध्ये रविवारचा बँड सुरू झाला तो १८८४ च्या उन्हाळ्यात. त्याआधी वर्तमानपत्रांतून भांडणं झाली, बागेच्या समितीपुढे वाद झाले. शेवटी बँड वाजला आणि आभाळ काही कोसळलं नाही. डॉडवर्थच्या पहिल्या बँडच्या वेळी जो पोरगा दहा वर्षांचा होता आणि वडिलांबरोबर कामाला जात होता, तो या रविवारी पस्तिशीचा झालेला असणार. त्याला स्वतःची पोरं असणार. असा कुणी तिथे आला का, हे हिशेबाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पण मी वाचनालयात बसून त्यालाच शोधत होतो.

१८८४ हा आकडा वाचून मात्र मी दचकलो. हे साल मला ठाऊक होतं. तुम्हालाही असायला हवं, कारण आपण सगळे गिरणगावातले. याच साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली एक मागणी रविवारच्या सुट्टीची. न्यूयॉर्कमध्ये रविवार होता पण बँड नव्हता. आपल्याकडे रविवारच नव्हता! गिरणी सणासुदीला आणि यंत्रं साफ करायला थांबली तर थांबली. लोखंडे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू' चालवणारे. त्यांचं म्हणणं असं सांगतात की रविवार हा खंडोबाचा वार, आमच्या माणसांना तो मोकळा हवा. गंमत बघा, तिकडे देवाचं नाव घेऊन रविवार अडवला, इकडे देवाचं नाव घेऊन रविवार मागितला. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला रेसकोर्सवर दहाएक हजार कामगार जमले, दोन बाया भाषणाला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या वडिलांचा, आपला, आणि आजच्या या मेळाव्याचाही रविवार तिथून आला.

मुंबईतही बँड होता बरं का. कुपरेजच्या बागेतला बँडस्टँड एकोणिसाव्या शतकातलाच आहे, अष्टकोनी, अजून उभा आहे. संध्याकाळी साहेबांच्या पलटणीचा बँड वाजायचा. पण लालबागच्या साच्यावरचा माणूस संध्याकाळी कुपरेजला कसला जातो!

आता आपल्याकडे येतो.

सन १९७४. आपण नववीत. आपलं स्नेहसंमेलन, शनिवारी दुपारी चार वाजता. बँडनं सलामी द्यायची होती आणि त्यात चार ओळींचा बिगूल मी एकट्यानं वाजवायचा होता. महिनाभर चाळीच्या गच्चीवर सराव केला. शेजारचे वैतागले. माझे वडील तेव्हा दुसऱ्या पाळीत होते. साडेतीनला भोंगा झाला की माणूस आत, तो रात्री बाराला बाहेर. मी विचारलं, "एक दिवस खाडा नाही का करता येणार?" ते काही बोलले नाहीत. आई आतून म्हणाली, "खाड्याचे पैसे तुझा बिगूल देणार आहे का?" झालं. संमेलनाला आई आली, धाकटी बहीण आली. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर शाळेला देणग्या देणारी मंडळी बसली होती, हार घालून. मी चार ओळी वाजवल्या. तिसरी चुकली. ती चुकली हे वडिलांना कळलं नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं आणि मग रात्री बारा वाजता ते जिना चढताना चपलांचा आवाज आला तेव्हा बरं वाटेनासं झालं. त्यांनी विचारलं, "झालं का रे वाजवून?" मी झोपेचं सोंग घेतलं.

त्याच्या पुढच्या महिन्यात आपल्या बँडच्या सरांनी जाहीर केलं की यापुढे सराव रविवारी सकाळी आठ वाजता, आणि तोही मैदानात नाही, रस्त्यावरून चालत. आठवतंय? आपण किती शिव्या घातल्या. रविवारी आठला! शाळेतून निघायचं, गणपतीच्या मैदानाला वळसा घालायचा, आमच्या चाळीखालून बाजाराकडे आणि परत. पहिल्या रविवारी चाळीखाली आलो आणि वर बघितलं. वडील गॅलरीत बनियनवर उभे, हातात मंजनाची पुडी, दात घासायचे राहूनच गेलेले. सगळी गॅलरी भरली होती. रात्रपाळी करून आलेली माणसं डोळे चोळत उभी होती. खाली एक हातगाडीवाला गाडी थांबवून उभा. मी बिगूल वर केला. त्या दिवशी तिसरी ओळ बरोबर आली.

पन्नास वर्षं मी असं धरून चाललो की सरांनी हे माझ्यासाठी केलं. कुणीतरी त्यांना माझ्या वडिलांबद्दल सांगितलं असणार आणि त्यांनी न बोलता सराव रविवारी नेला. अमेरिकेतून परत आल्यावर सेंट्रल पार्कचं सगळं डोक्यात असल्यामुळे न राहवून सरांना फोन केला. सर आज समोर बसलेत, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. म्हटलं, "सर, तेव्हा बँडचा सराव रविवारी तुम्ही का नेलात?" सर थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "अरे, शनिवारी मैदान मिळायचं कुठं? क्रिकेटवाले हलायचे नाहीत."

मी म्हटलं, बरं सर. फोन ठेवला. मग लक्षात आलं की मैदानाची अडचण होती तर रविवारी मैदान मोकळंच होतं. तिथेच सराव घेता आला असता. रस्त्यावर कशाला काढलं बँडला? आणि बाजाराकडे जायला आमच्या चाळीखालचा रस्ता जवळचाही नव्हता. हे मी सरांना विचारलेलं नाही. सर, आत्ताही विचारत नाही. तुम्ही हसताय, तेवढं दिसतंय.

वडिलांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिरणी त्याच्या आधीच गेली, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, म्हणजे कान तयार होता. त्या पहिल्या रविवारी जेवायला बसलो तेव्हा मी वाट बघत होतो की बिगुलाबद्दल काहीतरी बोलतील. भाताचा दुसरा घास झाल्यावर म्हणाले, "डावीकडचा ड्रम अर्धी मात्रा मागं पडतोय. सांग त्याला."

मी सांगितलं नाही. तो डावीकडचा ड्रम आज तिसऱ्या रांगेत, निळ्या शर्टात बसलाय. अरे, माझ्या वडिलांचा निरोप आहे.